सायकलवरचे सोवळे

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीची गोष्ट. एका रविवारी पहाटे खडकवासल्याच्या रस्त्याने जात असताना माझ्या सायकलचे मागचे चाक बसले. सायकल जुनी, काळी, दांडीची; वय पंचवीस वर्षांच्या पुढचे. जवळ पंप नव्हता. एवढ्यात मागून दहा-बारा सायकलस्वारांचा जथा आला. सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे तंग कपडे, डोक्याला शिरस्त्राण, डोळ्यांवर काळे चष्मे. समोरून तसाच दुसरा जथा येत होता. दोन्ही जथ्यांनी हात उंचावून परस्परांना अभिवादन केले आणि दोन्ही जथे माझ्या दोन्ही अंगांनी निघून गेले. मी रस्त्याच्या कडेला, हात काळे करून, उलटी केलेली सायकल धरून उभा होतो. मी त्यांना दिसलो नाही असे म्हणता येणार नाही. दिसलो, पण सायकलस्वार म्हणून दिसलो नाही, इतकेच.

थोड्या वेळाने रात्रपाळी संपवून घरी निघालेला एक वॉचमन सायकलवरून आला. तो न सांगता उतरला. पंप त्याच्याजवळही नव्हता. पण "काका, पुढं अर्ध्या किलोमीटरवर आपला माणूस आहे, चला," असे म्हणून तो स्वतःची सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत आला, पंक्चरवाल्याला त्याने झोपेतून उठवले आणि मगच तो गेला. रात्रभर उभा राहिलेला माणूस झोपेची अर्धी घटका माझ्यावर खर्च करून गेला. पंक्चर निघत असताना मघाच्या जथ्यातला एक तरुण परतीच्या वाटेवर थांबला आणि संकोचाने विचारू लागला, "काही लागतंय का?" त्याच्या खोगिराखालच्या लहानशा पिशवीत पंपही होता आणि ठिगळेही होती. मी उत्तर देण्याच्या आतच पुढून हाक आली, "चल रे!" आणि तो गेला.

हा तरुण माझ्या मनातून जात नाही. त्याला थांबावेसे वाटले होते. पहिल्या खेपेस तो थांबला नाही याचे कारण त्याच्या स्वभावात नव्हते, जथ्याच्या रीतीत होते. कोणाला हात करायचा आणि कोणाला नाही, हे त्या रीतीने अगोदरच ठरवून टाकले होते. माणसाचे काळीज आणि गटाची रीत यांतल्या या अंतरालाच आपल्याकडे पूर्वी सोवळे म्हणत. घरातली म्हातारी स्वभावाने मायाळू असे. पण पंक्तीत कोणाला कोठे बसवायचे हे ठरवताना तिची माया कामी येत नसे.

काही साथी म्हणतील, देशात बेकारी आहे, कंत्राटी कामगारांचे प्रश्न आहेत, शेतकऱ्यांच्या आत्महत्या आहेत. आणि हे गृहस्थ कोणी कोणाला हात केला नाही याची तक्रार घेऊन बसले आहेत. आक्षेप बिनतोड वाटतो, पण तो खरा नाही. विषमता केवळ पगारपत्रकात राहत नाही. कोणाकडे पाहून मान डोलवायची आणि कोणाच्या अंगावरून नजर फिरवून पुढे जायचे, या रोजच्या सवयीत ती राहते आणि तेथूनच ती पगारपत्रकाला नैतिक आधार पुरवते. शिवाय सायकल ही काही कोणतीही एक वस्तू नव्हे. जगातल्या कष्टकऱ्याच्या हाती आलेले, स्वतःच्या मालकीचे असे हे पहिले वाहन आहे. आणि ते त्याच्या हाती येऊ नये, आले तर त्याला मान मिळू नये, यासाठी झालेली खटपटही तितकीच जुनी आहे.

तो इतिहास थोडक्यात पाहण्यासारखा आहे. १८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये उंच चाकाची सायकल आली. ती महाग होती, धोक्याची होती आणि म्हणूनच सधन घरच्या तरुणांची मिरवण्याची वस्तू होती. त्याच काळात तेथल्या उच्चभ्रूंनी खेळांच्या मैदानांभोवती कुंपण घालण्याचे काम मन लावून चालवले होते. हेन्लीच्या प्रसिद्ध नौकाशर्यतीच्या चालकांनी १८७९ मध्ये 'हौशी खेळाडू' या शब्दाची व्याख्या केली. धंद्याने किंवा मजुरीने जो यंत्रकामगार, कारागीर वा श्रमिक असेल, त्याला तीत जागा नव्हती. त्याने शर्यतीत कधी एक पैसा घेतला नसला तरी तो हौशी नव्हे; कारण तो हातांनी काम करीत होता. हे कलम १९३७ साली निघाले. सायकलवाल्यांच्या संघटनेने हे कलम आपल्या दारावर लावले नाही, हे तिच्या बाजूने नमूद केले पाहिजे. पण दारावरची पाटी नसली म्हणजे आतली रीत बदलते असे नाही.

पुढे १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ले याची दोन सारख्या चाकांची 'रोव्हर' सायकल आली, १८८८ मध्ये डनलॉपची हवा भरलेली धाव आली आणि सायकल एकाएकी सुरक्षित व सुखाची झाली. १८९५ च्या सुमारास लंडनच्या बॅटरसी बागेत सरदार-दरकदारांच्या लेकीसुना सायकलवरून फेरफटका मारीत आणि ते पाहायला गर्दी जमे. दोनतीन वर्षांत कारखाने वाढले, किमती कोसळल्या, जुन्या सायकली स्वस्तात मिळू लागल्या आणि कारकून, सुतार, गिरणीतल्या मुली सायकलवर दिसू लागल्या. त्याबरोबर बॅटरसीची हौस ओसरली. सायकल तीच होती. तिच्या चाकात, साखळीत, खोगिरात काही बिघडले नव्हते. बिघडले होते एवढेच, की ती आता कोणालाही मिळू लागली होती. उच्चभ्रूपणाचा हा नियम लक्षात ठेवावा, कारण तो पुढे पुन्हा भेटणार आहे. वस्तूचा मान तिच्या उपयोगात नसतो. ती दुसऱ्याजवळ नाही, यात असतो.

आणि कपड्यांचे म्हणाल, तर १८९८ साली इंग्लंडमधल्या सरे परगण्यात हार्बर्टन बाई या उमराव घराण्यातल्या स्त्रीला एका खाणावळीच्या मालकिणीने कॉफीच्या दालनात बसू दिले नाही, कारण त्या घागऱ्याऐवजी सायकलला सोयीची ढगळ विजार घालून आल्या होत्या. सायकलस्वारांच्या संघटनेने हा खटला लढवला आणि १८९९ मध्ये तो हरला. अमेरिकेत तर याहून वाईट घडले. तेथल्या सायकलस्वारांच्या राष्ट्रीय संघटनेने १८९४ मध्ये सभासदत्वाच्या नियमात 'गोरा' हा शब्द घातला. बोस्टनची किटी नॉक्स ही शिवणकाम करून पोट भरणारी तरुणी, अंगात आफ्रिकी रक्त असलेली. सायकल चालवताना घालायचा विजारीचा पोशाख तिने स्वतःच शिवला होता. ती या नियमाच्या आधीपासूनची सभासद होती. १८९५ मध्ये संघटनेच्या मेळाव्याला ती आपला पोशाख घालून गेली, तेव्हा तिच्या केवळ उपस्थितीने गदारोळ उडाला. चारच वर्षांनी, १८९९ मध्ये, मेजर टेलर हा कृष्णवर्णीय तरुण माँट्रिअल येथे जगज्जेता झाला. पण संघटनेने ते कलम औपचारिकपणे रद्द करायला १९९९ साल उजाडावे लागले. जगज्जेतेपद मिळू शकते, पंगत मिळत नाही, हा अनुभव आपल्या देशातल्या दलितांना वेगळा समजावून सांगण्याचे कारण नाही.

परंतु याच वर्षांत दुसरीही एक परंपरा जन्माला आली आणि ती आपल्या विचारांच्या लोकांनी घडवली. मँचेस्टरमध्ये रॉबर्ट ब्लॅचफर्ड याने १८९१ साली 'क्लॅरिअन' नावाचे समाजवादी साप्ताहिक काढले. त्याचे वाचक असलेल्या बर्मिंगहॅमच्या सहा तरुणांनी १८९४ च्या फेब्रुवारीत एक सायकल मंडळ स्थापन केले. १८९५ च्या ईस्टरला अशा मंडळांचा ॲशबोर्न येथे मेळावा भरला आणि त्यातून राष्ट्रीय संघटना उभी राहिली. रविवारी ही मंडळी गिरण्यांच्या धुरातून खेड्यांकडे निघत. पिशव्यांत साप्ताहिकाचे अंक आणि पत्रके असत. चौकात उभे राहून भाषण करीत आणि मग नदीकाठी भाकरी सोडीत. रस्त्यात आपला माणूस दिसला की एकाने ओरडायचे 'बूट्स!' आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचे 'स्पर्स!' बूट आणि टाचेची आरी. ज्यांच्याजवळ घोडा नव्हता अशा लोकांनी घोडेस्वारांच्या थाटाची केलेली ही गोड थट्टा होती. त्यांतल्या गंभीर प्रकृतीच्या समाजवाद्यांनी नाके मुरडली. इतकी मौज कशाला, असे ते म्हणत. पण मौजेनेच माणसे जोडली जातात हे त्या तरुणांना कळले होते. १९३६ पर्यंत या संघटनेचे सभासद ८,००० वर गेले होते.

जर्मनीतली गोष्ट याहून मोठी आहे. तेथल्या मध्यमवर्गीय सायकल मंडळांत कामगारांना, विशेषतः समाजवादी कामगारांना, थारा नव्हता. म्हणून १८९६ मध्ये ऑफेनबाख येथे कामगार सायकलस्वारांचा स्वतंत्र संघ निघाला. त्याचे नावच 'सॉलिडॅरिटेट', म्हणजे एकजूट. मध्यमवर्गीय मंडळांचे अभिवादन होते 'आल हाइल'. कामगारांनी आपले वेगळे अभिवादन घेतले, 'फ्रिश आउफ'. चला, ताज्या दमाने उठा, असा त्याचा भाव. पहिल्या महायुद्धापूर्वीच या संघाचे सभासद लाखाच्या वर गेले होते. पुढे त्याने सहकारी तत्त्वावर सायकलचा कारखानाही चालवला. १९३३ मध्ये नाझींनी त्याच्यावर बंदी घातली. रस्त्यावर अनोळखी माणसाला केलेला एक नमस्कार इतका क्षुल्लक असता, तर हिटलरच्या राजवटीला या सायकलवाल्यांचे भय वाटण्याचे कारण नव्हते.

या दोन परंपरा समोर ठेवल्या म्हणजे आजच्या दृश्याचा अर्थ लागतो. पुणे हे सायकलींचे शहर म्हणून एकेकाळी देशभर ओळखले जाई. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा भोंगा झाला की रस्ता सायकलींनी भरून जाई; प्राध्यापक, टपालवाला, भाजीवाला आणि शाळकरी मुलगी एकाच प्रवाहात असत. तासावर सायकल भाड्याने देणारी दुकाने गल्लोगल्ली होती. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट बसले की पोलीस सर्वांनाच सारख्या निष्ठुरतेने अडवी. त्या काळी सर्वत्र समता नांदत होती असे भाबडेपणाने म्हणण्याचे कारण नाही. जातीची आणि वाड्यांची उतरंड होतीच. पण रस्त्यावर तरी चाक सर्वांचे सारखे होते आणि कोणाच्याही चाकातली हवा गेली तर कोणीही पंप पुढे करी. पुढे स्कूटर आली, मोटारसायकल आली आणि ज्याला शक्य होते तो सायकलवरून उतरला. उतरला तो केवळ वेगासाठी नव्हे; सायकल ही आता 'ज्याला काही जमले नाही त्याची' खूण झाली होती म्हणून. बॅटरसीचा नियम पुण्यात शंभर वर्षांनी लागू झाला.

आणि आता तोच वर्ग सायकलवर परतला आहे. परंतु त्याच सायकलवर नव्हे. तो लाख-दीड लाखांच्या, कधी त्याहून कितीतरी महाग अशा कार्बनच्या सायकलवर परतला आहे. आंतरराष्ट्रीय शर्यतींत सायकलचे वजन ६.८ किलोपेक्षा कमी असू नये असा नियम २००० सालापासून आहे. आमच्याकडचा हौशी स्वार स्वतःच्या पोटाचा घेर विसरून सायकलच्या शंभर ग्रॅमची चर्चा तासभर करतो. मोज्यांची उंची किती असावी, पाय तासावे की नाही, पिशवी खोगिराखाली शोभते की नाही, यांचे नियम परदेशांत गमतीने लिहिले गेले आणि आमच्याकडे गांभीर्याने पाळले जातात. नवखा मुलगा साध्या गिअरच्या सायकलवर, साध्या अर्ध्या चड्डीत आला, तर त्याला कोणी हाकलत नाही. फक्त त्याच्याशी कोणी बोलत नाही. तो दुसऱ्या रविवारी येत नाही. सोवळे पाळणाऱ्यांना हाकलण्याची गरज कधीच पडत नाही.

यामागे धंदा आहे हेही पाहावे. लंडनमध्ये २००४ साली निघालेल्या 'राफा' या कंपनीने सायकलचे कपडे विकता विकता वर्गणी घेऊन स्वतःचे 'क्लब' काढले. म्हणजे जी सोबत क्लॅरिअनच्या तरुणांनी फुकट निर्माण केली होती, ती आता सदऱ्याबरोबर विकत मिळू लागली. २०१७ मध्ये ही कंपनी सुमारे २० कोटी पौंडांना विकली गेली. घेणारे होते अमेरिकेतल्या वॉलमार्टच्या वारसांपैकी दोघे. त्याच सुमारास आपल्याकडे काय चालले होते? २०२० साली ३ जूनला, संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेल्या जागतिक सायकल दिनाच्याच दिवशी, ॲटलासच्या साहिबाबादच्या कारखान्यातल्या शेकडो कामगारांना दारावर ले-ऑफची नोटीस वाचायला मिळाली. देशाच्या तीन पिढ्यांना कामावर नेऊन पोचवणारी सायकल बनवणारे हात रिकामे झाले, आणि त्या दिवशी शहराशहरांत सायकल दिनाच्या शुभेच्छा वाटल्या गेल्या. मला कोणाच्या शुभेच्छांचा राग नाही. पण ज्या सायकल-प्रेमाला सायकल बनवणारा माणूस आठवत नाही आणि सायकलवर पोट असलेला माणूस दिसत नाही, त्या प्रेमाची परीक्षा घेण्याचा अधिकार आपल्याला आहे.

येथे मला न्यायाने बोलले पाहिजे. चांगली सायकल बाळगणे हा गुन्हा नव्हे. दोनशे किलोमीटर जाणाऱ्याला गादी शिवलेली तंग विजार लागते, ती मिरवण्यासाठी नव्हे, कातडी सोलू नये म्हणून. सैल लेंगा साखळीत अडकतो हे ज्याने धोतराचा सोगा चाकात गमावला आहे त्याला सांगावे लागत नाही. शिरस्त्राण डोके वाचवते. शर्यतीतल्या स्वाराच्या कष्टांबद्दल तर मला आदरच आहे. १९०३ ची पहिली 'टूर द फ्रान्स' जिंकणारा मोरिस गारँ हा लहानपणी धुराडी साफ करणारा पोरगा होता. १९२४ मध्ये त्याच शर्यतीत आंरी पेलिसिए याने अर्ध्यावर सायकल सोडली. कारण काय, तर पहाटेच्या थंडीत अंगात घातलेले सदरे दुपारच्या उन्हात काढून टाकता येणार नाहीत असा नियम होता आणि अधिकारी त्याच्या अंगचे कपडे उचकटून सदरे मोजत होता. अल्बेर लोंद्र या वार्ताहराने हे प्रकरण जगापुढे मांडले. कपड्याचा प्रश्न हा असा मानाचा प्रश्न असतो. म्हणून कपड्यांवर माझा रोख नाही. कपड्यावरून माणूस मोजण्यावर आहे.

आणि मग हा रोख आपल्याकडेही वळवावा लागतो. आपल्या चळवळीत उलटे सोवळेही पुष्कळ आहे. तंग कपड्यांतला तरुण दिसला की "आले भांडवलदारांचे बाहुले" असे हसणारे साथी मी पाहिले आहेत. त्या तरुणाने कर्ज काढून सायकल घेतली असेल, तो आठवडाभर एखाद्या संगणक कंपनीत बारा-बारा तास राबत असेल, त्याला उद्या नोटीस मिळणार असेल. हे विचारण्याची तसदी आपण घेत नाही. खादीच्या झब्ब्याचा आणि जुन्या सायकलचा अहंकार हाही अहंकारच आहे. माझ्या सायकलच्या काळ्या रंगाचा मला जो गुप्त अभिमान वाटतो, तो मी या लेखाच्या निमित्ताने जाहीर करून टाकतो, म्हणजे तो थोडा तरी कमी होईल. त्या रविवारी त्या तरुणाच्या संकोचलेल्या प्रश्नाला मी चटकन "हो, या ना, बसा" असे म्हटले असते, तर तो थांबला असता. मी उत्तराला उशीर केला. का केला? मला त्याच्याकडून काही घ्यायचे नव्हते म्हणून. हेही सोवळेच.

आता या सगळ्याचा व्यवहारात परिणाम काय होतो ते पाहू. कारण खरा प्रश्न तेथे आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशातल्या सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती; स्कूटर-मोटारसायकल २१ टक्क्यांकडे आणि मोटार ५ टक्क्यांहूनही कमी कुटुंबांकडे. शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलने कामावर जात होते. म्हणजे सायकलस्वार म्हणून ज्याचे चित्र डोळ्यांपुढे यावे तो रविवारचा स्वार नव्हे, सोमवारचा आहे. पण महापालिकेत सायकल मार्गांची बैठक होते तेव्हा खुर्चीवर कोण बसतो? ज्याला बैठकीचे पत्र येते, ज्याला इंग्रजी आराखडा वाचता येतो, ज्याला दुपारी अकराला सुट्टी मिळते, तो. रात्रपाळीचा वॉचमन, बांधकामावरचा गवंडी, धुणीभांड्याला जाणारी बाई यांना त्या बैठकीचा पत्ताही नसतो. मग मार्ग आखले जातात ते बागेच्या आणि नदीच्या कडेने, फेरफटक्याच्या सोयीचे. औद्योगिक वसाहतीच्या फाटकापर्यंत ते पोचत नाहीत. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपन्यांच्या भाड्याच्या रंगीत सायकली रस्त्यांवर आल्या आणि दोनएक वर्षांत बहुतेक दिसेनाशा झाल्या. त्या उघडायला महागडा फोन आणि बँकेचे खाते लागत असे. जुन्या तासावरच्या दुकानात ओळख पुरत असे. मार्गांवर, जेथे ते झाले तेथे, मोटारी उभ्या राहतात. आणि २०२२ या एका वर्षात या देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे अपघातांत मेली. ट्रकचे चाक सायकलची किंमत विचारत नाही. कार्बनची सायकल आणि काळी सायकल त्याच्याखाली सारखीच मोडते.

म्हणजे हितसंबंध एक आहेत आणि संघटना एक नाही. तिला आडवे काय येते? सिद्धान्ताचा मतभेद नव्हे. आडवा येतो न केलेला नमस्कार. ज्याला आपण रस्त्यावर ओळख देत नाही त्याच्या बरोबर आपण मोर्चात जाऊ, ही कल्पनाच हास्यास्पद आहे. पहाटेच्या जथ्याजवळ शब्द आहेत, ओळखी आहेत, वृत्तपत्रात पत्र लिहिण्याची सवय आहे. सोमवारच्या स्वारांजवळ संख्या आहे आणि गरज आहे. दोन्ही एकत्र आले तर कोणत्याही महापालिकेला पदपथ आणि सायकल मार्ग मोकळे करावे लागतील. ते एकत्र येत नाहीत तोवर मोटारवाला निर्धास्त आहे.

हे एकत्र येणे स्वप्नरंजन नव्हे. १९९१ च्या सुमारास तमिळनाडूतल्या पुदुकोट्टै जिल्ह्यात साक्षरता चळवळीबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. शेतमजूर होत्या, दगडाच्या खाणींत राबणाऱ्या होत्या, अंगणवाडीच्या सेविका होत्या, शिक्षिकाही होत्या. कोणाचाही वेगळा पोशाख नव्हता. नेसत्या साडीने त्या शिकल्या. बायकांच्या सायकली पुरेनात, तेव्हा पुरुषी सायकली घेतल्या. आणि पुष्कळजणींना त्याच अधिक पसंत पडल्या, कारण पुढच्या दांडीवर मूल बसवता येई. जी शिकली ती दुसरीला शिकवी. त्या जिल्ह्यात सायकल हा मिरवण्याचा विषय झाला तोही असा, की मिरवणूक सर्वांची होती. ज्या दांडीला आमचे हौशी स्वार गावठी म्हणतात, त्या दांडीवर तेथे एक पिढी बसून शाळेत गेली.

शेवटी क्लॅरिअनची गोष्ट पुरी केली पाहिजे, कारण तिचा शेवट आपल्याला सुखावणारा नाही. सव्वाशे वर्षे चाललेल्या त्या राष्ट्रीय संघटनेने २०२१ साली मतदान घेऊन आपल्या घटनेतला 'समाजवाद' हा शब्द काढून टाकला. पुष्कळ जुन्या सभासदांना दुःख झाले आणि ते योग्यच होते. पण शब्द एका मतदानात जात नाही. तो आधी रस्त्यावरून जातो, मग जेवणाच्या पंगतीतून जातो आणि सर्वांत शेवटी घटनेतून जातो. उलट, शब्द घटनेत शाबूत आहे आणि रस्त्यावर नाही, अशी स्थिती तर त्याहून फसवी. आपल्या संघटनांच्या घटनांत तो शब्द आहे. आपण वॉचमनला हात करतो का?

म्हणून माझे कार्यकर्त्यांना सांगणे अगदी साधे आहे. ज्या गावात सायकलींचे हौशी गट आहेत तेथे त्यांच्यात जा. उपदेश करायला नव्हे, सायकल चालवायला. गटाने एक रविवार औद्योगिक वसाहतीच्या फाटकावर जावे, पाना, पंप आणि ठिगळांची डबी घेऊन, आणि पाळी सुटणाऱ्यांच्या सायकली विनामूल्य तपासाव्यात. त्या निमित्ताने कोणता रस्ता कोठे धोक्याचा आहे हे त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावे. महापालिकेच्या सायकल समितीत कामगार संघटनेचा आणि घरकामगार स्त्रियांचा प्रतिनिधी असलाच पाहिजे, आणि बैठक पाळी सुटल्यावरच्या वेळेला झाली पाहिजे, ही मागणी दोघांच्या सहीने जावी. नवखा मुलगा कोणत्याही सायकलवर, कोणत्याही कपड्यांत आला, तरी त्याच्या वेगाने जाणारा एक जण गटात नेमलेला असावा. लांब पल्ल्याच्या प्रवासांची जी आंतरराष्ट्रीय पद्धत आपल्याकडेही रुजली आहे, तिच्यात दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात आणि वेळेत पोचलेल्या सर्वांची नोंद सारखीच होते. पहिला-दुसरा नंबर नसतो. ही रीत चांगली आहे. ती रविवारच्या जथ्याने सोमवारच्या रस्त्यावर आणावी.

आणि आजपासून, कोणत्याही ठरावाची वाट न पाहता, समोरून सायकल आली की हात वर करावा. गवंडी असो, दूधवाला असो, चष्म्यातला हौशी स्वार असो. पहिल्या दिवशी लोक चमकतील. आपल्यामागे कोणी आहे काय, असे वळून पाहतील. आठवड्याने त्यांचाही हात उठेल. त्या पंक्चरवाल्याकडे मी पुन्हा गेलो होतो. तो वॉचमन रोज सव्वासातला तेथून जातो असे त्याने सांगितले. पुढच्या रविवारी मी सव्वासातला तेथे उभा राहणार आहे. आणि तो जथा आला तर त्या तरुणालाही थांबवणार आहे. या वेळी उत्तराला उशीर करणार नाही.